किडनी नवीन बसली, मग व्हिटॅमिन डीची गोळी अजून का चालू आहे?

किडनी ट्रान्सप्लांट झालं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) खाली आलं, डायलिसिस सुटलं, आणि तरी फॉलोअपला डॉक्टर व्हिटॅमिन डीची टेस्ट लिहून देतात, ते कमी निघतं, आणि घरात पहिला प्रश्न हाच येतो की अहो किडनी तर आता मस्त चालतेय ना, मग हे डी का कमी? दुसऱ्या टोकाची माणसंही असतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की डीने इम्युनिटी वाढते, मग ती कुणाला न विचारता मोठमोठे डोस घेत सुटतात. दोन्हीकडे घोळ एकाच गोष्टीचा आहे. ज्याला आपण सरसकट व्हिटॅमिन डी म्हणतो ते शरीरात एका झटक्यात तयार होत नाही, टप्प्याटप्प्याने होतं, आणि रिपोर्टमध्ये जो आकडा छापून येतो तो मधल्या टप्प्याचा असतो, शेवटच्या नाही. आमच्या घरात ट्रान्सप्लांट झालेलं माणूस आहे आणि रिपोर्टची फाइल माझ्याकडे असते, त्यामुळे हे सगळं हळूहळू समजून घ्यावं लागलं. तेच इथे सोपं करून लिहितोय. डोस किती घ्यायचा हे मात्र तुमचे डॉक्टरच सांगणार, मी नाही.

तर आधी रस्ता बघू. कातडीवर ऊन पडलं की त्यातल्या अल्ट्राव्हायोलेट बी किरणांमुळे कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडापासून डी तयार होतं, किंवा ते खाण्यातून, गोळीतून येतं. हे डी लिव्हरमध्ये जातं आणि तिथे त्याच्यावर एक प्रक्रिया होऊन साठ्याचं डी बनतं, ज्याला रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असं लिहिलेलं असतं. मग हे साठ्याचं डी किडनीत जातं, तिथे अजून एक प्रक्रिया होते आणि शेवटी तयार होतं कॅल्सिट्रिऑल, म्हणजे खरं काम करणारं डी. आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस ओढून घेणं, पॅराथायरॉइड ग्रंथींना आवर घालणं, ही कामं मुख्यतः हे शेवटचं रूप करतं. ही शेवटची पायरी किडनीत होते हे १९७० मध्ये केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिसेक या दोघांनी दाखवून दिलं. त्याआधी किडनी फेल झालेल्यांची हाडं इतकी का खराब होतात आणि साधं डी देऊन फार फरक का पडत नाही, याचा नीट उलगडा होत नव्हता.

साठ्याचं डी म्हणजे खिशातला चेक समजा आणि कॅल्सिट्रिऑल म्हणजे रोख पैसे. चेक कितीही मोठा असला तरी बँक बंद असेल तर हातात काही येत नाही, किडनी फेल झाल्यावर नेमकं हेच होतं. ट्रान्सप्लांट झालं म्हणजे बँक पुन्हा उघडली. पण खिशात चेकच नसेल तर उघड्या बँकेचा काय उपयोग? म्हणून किडनी चांगली असतानाही साठा बघावा लागतो.

या दोन रूपांच्या टिकण्यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. साठ्याचं डी रक्तात निम्मं व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, कॅल्सिट्रिऑल मात्र काही तासांतच निम्म्यावर येतं. म्हणूनच शरीरात डी किती आहे हे बघायला साठ्याचा आकडा मोजतात. कॅल्सिट्रिऑल मोजून त्या क्षणाचं चित्र कळतं, साठा रिकामा आहे का भरलेला ते त्यावरून कळत नाही. काही जण हौसेने दोन्ही टेस्ट करून घेतात, एरवी त्याची काही गरज नसते.

आता ट्रान्सप्लांटच्या आधीचा काळ, कारण खरी गोम तिथे आहे. किडनी हळूहळू निकामी होत असताना फॉस्फरस बाहेर टाकायला जड जायला लागतं. हे हाडांना कळतं आणि हाडांच्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन सोडायला लागतात. हो, हाडंसुद्धा हार्मोन सोडतात, मलाही हे वाचून गंमत वाटली होती. हे हार्मोन किडनीला सांगतं की फॉस्फरस लघवीतून बाहेर टाक आणि कॅल्सिट्रिऑल बनवणं कमी कर, कारण कॅल्सिट्रिऑल आतड्यातून अजून फॉस्फरस आत ओढतं. कॅल्सिट्रिऑल कमी झालं की कॅल्शियम कमी व्हायला लागतं, ते सावरायला मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन जास्त सोडतात, आणि पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. हे असं वर्षानुवर्षं चालू राहतं, त्यात डायलिसिसची वर्षं धरा, आणि त्या ग्रंथी वाढत वाढत जातात. एकदा मोठ्या झालेल्या ग्रंथी किडनी बदलली म्हणून आठवड्याभरात पहिल्यासारख्या होत नाहीत. पीटीएच बऱ्याच जणांचं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत चांगलं उतरतं, पण वर्ष उलटलं तरी नॉर्मलपेक्षा वर राहिलेली माणसंही खूप असतात.

म्हणजे बघा, नवीन किडनी येते ती अशा शरीरात जिथे एफजीएफ-२३ पण चढलेलं आहे आणि पीटीएच पण चढलेलं आहे. दोन्ही हार्मोन फॉस्फरस बाहेर फेकायला सांगतात आणि किडनी आता आज्ञाधारक आहे, ती फेकते. त्यामुळे आयुष्यभर फॉस्फरस कमी खा, कमी खा असं ऐकलेल्या माणसाचा फॉस्फरस ट्रान्सप्लांटनंतर चक्क खाली जातो आणि डॉक्टर सांगतात की आता दूध, डाळी खा. घरच्यांना वाटतं डॉक्टरांची काहीतरी गफलत होतेय. गफलत नसते.

एक नमुना म्हणून रिपोर्ट घेऊ, आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुणा एकाचे नाहीत. ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत. क्रिएटिनिन १.२, म्हणजे छान. कॅल्शियम १०.८, साधारण साडेदहाच्या आसपास वरची मर्यादा असते म्हणजे थोडं जास्त. फॉस्फरस १.९, अडीच तरी हवा म्हणजे कमी. पीटीएच २१०, जिथे बऱ्याच लॅबमध्ये ६५ च्या आसपास वरची सीमा असते. आणि व्हिटॅमिन डी १४. आता हा कागद ज्याच्या हातात पडेल त्याची नजर सगळ्यात आधी डीच्या १४ वर जाणार कारण त्याच्यापुढे लॅबने ठळक अक्षरात डेफिशियन्सी लिहिलेलं असतं, आणि तो मेडिकलमधून डीचा जोरदार डोस आणणार. पण वरचं कॅल्शियम कुणी बघितलं का? इथे पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढतंय, नवीन किडनीला कॅल्सिट्रिऑल बनवायला लावतंय, आणि कॅल्शियम आधीच मर्यादेच्या बाहेर आहे. अशात डी द्यायचं का, कुठलं द्यायचं, किती सावकाश द्यायचं, हे ठरवायला पाचही आकडे एकत्र वाचावे लागतात. आणि हो, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, तेही हिशोबात धरावं लागतं. कधी डॉक्टर म्हणतात की थांबू, पीटीएच आपोआप उतरतंय का बघू. कधी हळू साठा भरायला घेतात कारण डीची कमतरता हेसुद्धा पीटीएच चढं राहण्याचं एक कारण असतं. पीटीएच आणि कॅल्शियम दोन्ही बरेच महिने वरच राहिले तर पीटीएच उतरवणारं सिनाकॅल्सेटसारखं औषध किंवा पॅराथायरॉइडचं ऑपरेशन इथपर्यंत गोष्ट जाते. एका कागदावरच्या एका ओळीवर उपचार करू नयेत ते यासाठी.

किडनीच्या आजारावर जगभरात ज्या गाइडलाइन वापरतात त्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, २०१७ मध्ये त्यातला हाडांचा भाग सुधारून आला. त्यात ट्रान्सप्लांटनंतर लगेचच्या काळात कॅल्शियम आणि फॉस्फरस स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला तरी तपासा असं ठामपणे सांगितलंय. व्हिटॅमिन डीबद्दल मात्र सूर एकदम मऊ आहे, की साठा मोजावा असं आम्ही सुचवतो, कमतरता असेल तर सर्वसामान्य लोकांना जसं देतात तसंच देऊन भरून काढावी. जिथे पुरावा भक्कम तिथे भाषा ठाम आणि जिथे कच्चा तिथे नुसतं सुचवणं, हा फरक मला फार बोलका वाटतो.

बरं, कमतरता इतक्या जणांत का सापडते? एक तर ट्रान्सप्लांटच्या आधीच साठा रिकामा असतो, आजारी माणूस बाहेर फारसा पडत नाही, पथ्यामुळे खाणंही मोजकं. त्यानंतर ट्रान्सप्लांट झाल्यावर उलट उन्हापासून जपा असं सांगतात. हे उगाच नाही. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवीन किडनी नाकारणं, होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात आणि त्यामुळे कातडीच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, गोऱ्या कातडीच्या लोकांत तर फारच. अझाथायोप्रिन हे जुनं औषध कातडीला उन्हाबद्दल जास्तच नाजूक करतं. मग टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन, आणि परिणामी कातडीतून बनणारं डी कमी. सावळ्या कातडीत कॅन्सरचा धोका कमी असतो हे खरं, पण त्याच रंगामुळे तेवढ्याच उन्हात डीसुद्धा कमी बनतं.

त्यात स्टिरॉइड, तेही रिजेक्शन रोखायलाच देतात. त्यातल्या प्रेडनिसोलोनमुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं, आणि हाड बांधणाऱ्या पेशी सुस्त पडतात. वर भूक वाढते, वजन वाढतं, आणि डी चरबीत विरघळणारं असल्यामुळे चरबीत जाऊन बसतं, रक्तात कमी दिसतं. लघवीतून प्रोटीन जात असेल तर डीला रक्तातून वाहून नेणारं प्रोटीनही त्याबरोबर जातं, आणि डीही जातं. टीबीसाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर लिव्हरमध्ये डीची मोडतोड जोरात होते. हीच औषधं टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची पातळीही पाडतात, त्यामुळे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचं त्यांच्यावर आधीच लक्ष असतं, पण डीचा मुद्दा त्या गडबडीत मागे राहून जातो, तो आपणच आठवणीने काढावा.

खिडकीत बसून ऊन घेतलं तर चालेल का असं बरेच जण विचारतात. नाही चालणार, काच ते विशिष्ट किरण अडवते, ऊब मिळते पण डी बनत नाही. आणि खाण्यातून म्हणाल तर चरबीयुक्त समुद्री मासे, अंड्याचा बलक, डी मिसळलेलं दूध यात ते असतं पण साठा पार रिकामा असेल तर नुसत्या खाण्याने तो भरत नाही. त्यामुळे ट्रान्सप्लांटवाल्यांसाठी गोळी हाच सगळ्यात सरळ मार्ग पडतो. कॉड लिव्हर ऑइल घरात असेल तर त्यात व्हिटॅमिन एही बरंच असतं हे लक्षात ठेवा, आणि किडनीचं काम कमी असेल तर ते शरीरात साठत जातं, म्हणून ते मनाने सुरू करू नका.

आता हाडं. माझ्या मते ट्रान्सप्लांटवाल्यांना डी लागतं त्याचं सगळ्यात पक्कं कारण हेच, बाकीची कारणं याच्यापुढे फिकी. हाडांची झीज सगळ्यात जोरात होते ती पहिल्या सहा ते बारा महिन्यांत, कारण तेव्हाच स्टिरॉइडचा डोस सगळ्यात मोठा असतो, आणि आधीच्या आजारातून हाडं कमजोर होऊन आलेली असतातच. फ्रॅक्चरचा धोका त्यामुळे वाढतो. केडिगो म्हणतं की पहिल्या वर्षात किडनीचं काम बरं असेल, म्हणजे फिल्टर होण्याचा वेग तीसच्या वर असेल, आणि हाडांची घनता कमी असेल, तर व्हिटॅमिन डी, कॅल्सिट्रिऑल किंवा हाडांची झीज थांबवणारी औषधं यांचा विचार करावा. विचार करावा, सरसकट द्यावं नाही. हाडांची घनता डेक्सा स्कॅनवर कळते, तो अगदी साधा प्रकार आहे, आडवं झोपायचं आणि मशीन वरून फिरतं.

हाडांच्या औषधांबाबत एक धोका मात्र सांगून ठेवतो. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन असतं, ते हाडांतून कॅल्शियम बाहेर येणं एकदम बंद करतं. साठ्यात डी नसताना ते दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतं, हातापायांत मुंग्या, पेटके, हृदयाचे ठोके बिघडणं इथपर्यंत. म्हणून अशा इंजेक्शनच्या आधी डी आणि कॅल्शियम बघतात, कमी असेल तर आधी ते भरतात. तुम्हाला असं इंजेक्शन सुचवलं असेल आणि डीची टेस्ट गेल्या बऱ्याच महिन्यांत झाली नसेल तर नक्की विचारा.

आणि खुब्यात दुखतंय, मांडीपर्यंत कळ जातेय, तर ते डीच्या कमतरतेचं आहे असं समजून गोळ्या खात बसू नका. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरू शकतो, ते साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसतही नाही, एमआरआय लागतो. त्याचा डीशी संबंध नाही.

आता त्या इम्युनिटीच्या गोष्टीकडे येऊ, कारण फॉरवर्ड सगळ्यात जास्त तीच होते. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर डीला पकडणारे रिसेप्टर असतात, काही पेशी साठ्याच्या डीपासून स्वतःपुरतं कॅल्सिट्रिऑल बनवतात, आणि त्याच्या जोरावर जंतू मारणारं कॅथेलिसिडिन नावाचं प्रोटीन तयार करतात. प्रयोगशाळेत तर डी काही बाबतीत प्रतिकारशक्तीला शांतही करतं, म्हणजे रिजेक्शन कमी होईल अशी आशा वाटावी असं. मग अनेक ठिकाणी पेशंटचे रेकॉर्ड तपासले गेले आणि दिसलं की ज्यांचं डी कमी त्यांच्यात रिजेक्शन, इन्फेक्शन, किडनीचं काम घसरणं हे सगळं जास्त. लगेच निष्कर्ष, डी द्या आणि किडनी वाचवा.

पण थांबा. जो माणूस जास्त आजारी तो घराबाहेर कमी पडतो, कमी खातो, त्याच्या लघवीतून प्रोटीन जातं, त्याला स्टिरॉइडचे जास्त डोस बसलेले असतात, आणि या सगळ्यामुळे त्याचं डी कमी होतं. म्हणजे डी कमी म्हणून तो आजारी की तो आजारी म्हणून डी कमी? हे नुसते रेकॉर्ड बघून सुटत नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एकाला औषध आणि दुसऱ्याला कमी किंवा काहीच नाही असं करूनच कळतं. फ्रान्समध्ये व्हिटाल नावाची अशी ट्रायल झाली, ट्रान्सप्लांट होऊन एक ते चार वर्षं झालेले ५३६ जण, सगळ्यांचं डी ३० च्या खाली. एका गटाला दर वेळी एक लाख युनिट, दुसऱ्याला बारा हजार, पहिले दोन महिने दर पंधरवड्याला आणि मग महिन्यातून एकदा, असं दोन वर्षं. २०२३ मध्ये निकाल छापून आले. डायबिटीस, हार्टचे मोठे त्रास, कॅन्सर आणि मृत्यू हे सगळं एकत्र धरून बघितलं तर दोन्ही गटांत फरक नाही. फ्रॅक्चर मात्र मोठ्या डोसच्या गटात १ टक्का आणि छोट्या डोसच्या गटात ४ टक्के. संख्या लहान आहेत, फ्रॅक्चर हा या ट्रायलचा मुख्य प्रश्नही नव्हता, त्यामुळे यावरून उड्या मारू नयेत, पण दिशा कुठली आहे ते दिसतं. हाडांना फायदा होताना दिसतो, बाकीच्या मोठ्या आशा अजून सिद्ध झालेल्या नाहीत.

नावाने गोंधळ होईल म्हणून सांगतो, अमेरिकेतली जवळपास याच नावाची जी ट्रायल आहे ती वेगळी, त्यात ट्रान्सप्लांटवाले नव्हते, साधारण निरोगी अशी २५,८७१ माणसं होती, रोज २००० युनिट दिले, आणि तिथे कॅन्सर किंवा हार्टचा त्रास कमी झाला नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या निकालात फ्रॅक्चरही कमी झाली नाहीत. त्या लोकांत बहुतेकांचं डी मुळात ठीकच होतं. ज्याला कमी नाही त्याला अजून देऊन काही मिळत नाही, आणि ट्रान्सप्लांटवाल्याचं शरीर वेगळं, हाडं वेगळी, म्हणून दोन्ही निकाल एकमेकांवर जसेच्या तसे चिकटवू नका.

आकडा किती हवा यावरही तज्ज्ञांत एकमत नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने म्हटलं २० असलं की बहुतेकांना पुरे, त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संस्थेने, म्हटलं ३० तरी हवं, आणि २०२४ मध्ये त्या सोसायटीने तो तीसचा आकडा स्वतःच सोडून दिला. पुष्कळ लॅब अजून ३० च्या खालचं सगळं कमी म्हणून छापतात. म्हणून २६ आलं म्हणून घाबरण्यात अर्थ नाही, ९ आलं तर मात्र तो वेगळा विषय. आणि रिपोर्टवर एकक बघा, नॅनोग्रॅममध्ये आहे का नॅनोमोलमध्ये (मी इथे लिहिलेले डीचे आकडे नॅनोग्रॅमचे आहेत), कारण नॅनोमोलचा आकडा अडीच पट मोठा असतो. वेगवेगळ्या देशांतल्या नातेवाइकांचे रिपोर्ट शेजारी ठेवून याचं ५० आणि त्याचं २० असं म्हणत बसाल, आणि दोन्ही एकच असेल.

टेस्टच्या बाबतीत अजून एक खाचखळगा, जो फार कमी लोकांना माहीत असतो. टॅक्रोलिमसमुळे बऱ्याच जणांचे केस गळतात, मग ते बायोटिनच्या गोळ्या सुरू करतात, केसांसाठीच्या गोळ्यांत त्याचा डोस बराच मोठा असतो. काही मशीनच्या टेस्टमध्ये बायोटिनच कच्चा माल म्हणून वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असेल तर पीटीएच खोटं कमी आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे प्रत्यक्षात उलटं असताना रिपोर्ट छान! केसांची गोळी ही काय सांगायची गोष्ट असं वाटून लोक ती डॉक्टरांना सांगतच नाहीत. सांगा, आणि रक्त द्यायच्या किती दिवस आधी बंद ठेवायची तेही विचारा.

आता गोळ्या, आणि इथे खरंच नीट लक्ष द्या. कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे साधं डी३, त्याचा डोस युनिटमध्ये लिहितात, ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम. हा झाला चेक. कॅल्सिट्रिऑल म्हणजे थेट रोख, त्याचा डोस ०.२५ मायक्रोग्रॅम वगैरे, इतका छोटा, आणि तो किडनीला न विचारता थेट काम करतो. अल्फाकॅल्सिडॉल याच्या अगदी जवळचा, किडनीची पायरी त्यातही आधीच झालेली असते, फक्त लिव्हरची बाकी असते. डायलिसिसवर असताना बहुतेकांना रोख द्यावी लागते. ट्रान्सप्लांटनंतर ती गोळी चालू ठेवायची का बंद करायची हे डॉक्टर ठरवतात, पण होतं काय की जुन्या चिठ्ठीतली ती गोळी तशीच चालू राहते, त्यात नवीन चिठ्ठीत डी३ लिहिलेलं, त्यात कॅल्शियमची जी गोळी असते तिच्यातही डी मिसळलेलं, त्यात घरच्यांनी आणलेली मल्टिव्हिटॅमिन. चार डब्या, चारही वेगळ्या नावाच्या, आणि चारही एकाच दिशेने कॅल्शियम ढकलतात. एकदा सगळ्या डब्या आणि स्ट्रिप टेबलावर मांडा आणि प्रत्येकीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून वाचा. ते बघून धक्का बसतो.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायचा मोठा डोस रोज घेणं. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, मेडिकलवाला घाईत, पेशंटला रोजच्या पंधरा गोळ्यांची सवय, मग ही पण रोज. निरोगी माणसातही हे वाईटच, पण ज्याची एकच किडनी आहे आणि तीही दुसऱ्याची, त्याच्यात परिणाम लवकर दिसतात. कॅल्शियम चढलं की खूप तहान, खूप लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, गुंगी, आणि शरीरातलं पाणी कमी होऊन क्रिएटिनिन चढतं. क्रिएटिनिन चढलं की सगळ्यांच्या मनात पहिली शंका रिजेक्शनची, मग धावपळ, बायोप्सीची चर्चा, आणि कारण निघतं ते डीची डबी. कॅल्शियम बरेच दिवस जास्त राहिलं तर ते किडनीतच जमतं. कॅल्सिट्रिऑलमुळे चढलेलं कॅल्शियम गोळी बंद केल्यावर काही दिवसांत उतरतं, पण साध्या डी३ च्या ओव्हरडोसचं तसं नसतं, ते चरबीत साठून बसलेलं असतं आणि आठवडे, कधी महिने त्रास देतं. साठ्याचा आकडा १५० नॅनोग्रॅमच्या वर गेला की विषबाधेच्या पट्ट्यात आलात असं धरतात, पण हाय पीटीएचवाल्या ट्रान्सप्लांट पेशंटचं कॅल्शियम त्याच्या खूप आधीही बिघडू शकतं. बीपीसाठी थायाझाइड गटातली गोळी चालू असेल तर आणखी लवकर, कारण ती लघवीतून कॅल्शियम जाऊ देत नाही.

म्हणून डोस सुरू केला किंवा बदलला की काही आठवड्यांनी कॅल्शियम बघतात, आणि डीचा साठा साधारण तीन महिन्यांनी, कारण त्याआधी आकडा स्थिर झालेलाच नसतो. पंधरा दिवसांनी डी परत तपासून वाढलं नाही म्हणून डोस वाढवून मागू नका.

आणि एक शेवटची गोष्ट, जी वाचल्यावर मी त्या फाइलकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. डोस तोच, गोळ्या त्याच, आणि तरी अचानक कॅल्शियम चढायला लागलं, पीटीएच मात्र दबलेलं आहे, तर डॉक्टर छातीचा एक्स-रे किंवा सीटी सांगतील. लोकांना वाटतं कॅल्शियम आणि फुफ्फुसाचा काय संबंध? आहे. टीबीमध्ये किंवा न्यूमोसिस्टिस नावाच्या फुफ्फुसाच्या बुरशीच्या इन्फेक्शनमध्ये तिथे जमलेल्या पेशी स्वतःच साठ्याच्या डीपासून कॅल्सिट्रिऑल बनवायला लागतात, आणि किडनीसारखा त्यांच्यावर पीटीएचचा किंवा एफजीएफ-२३ चा लगाम नसतो. ही दोन्ही इन्फेक्शन प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात हळूच शिरतात, कधी खोकला-ताप ठळक व्हायच्या आधी कॅल्शियमच बोलतं. त्यामुळे असा एक्स-रे सांगितला तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, त्याच दिवशी काढा, आणि डीच्या सगळ्या गोळ्या तोपर्यंत चालू ठेवायच्या का बंद, हे त्याच फोनवर विचारून घ्या.